हृदयप्रत्यारोपण : परळपासून जालन्यापर्यंत

दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय थंड द्रावणात बुडवून, बर्फाच्या पेटीत कितीही जपून ठेवले, तरी साधारणपणे चार तासांच्या आत ते दुसऱ्याच्या छातीत धडधडू लागावे लागते. फुफ्फुसांना सहा ते आठ तासांची सवलत मिळते, यकृताला बारा तासांच्या आसपास, तर मूत्रपिंड चोवीस तासांनंतरही कामाला येऊ शकते. जालना ते मुंबई हे अंतर रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर आहे. या दोन आकड्यांची गाठ घातली, की महानगरांतील शस्त्रक्रियागृहात घडणाऱ्या या चमत्काराचा मराठवाड्यातील एका जिल्ह्याशी नेमका काय संबंध आहे, हे ध्यानात येऊ लागते. हा संबंध दुहेरी आहे. जिल्ह्यातील रुग्णाला हृदय मिळण्याचा प्रश्न आहेच; परंतु जिल्ह्यातील रस्त्यावर अपघातात दगावलेल्या तरुणाचे हृदय कोणाला तरी देता येईल काय, हाही तितकाच मोठा प्रश्न आहे.

हृदयप्रत्यारोपणाच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान बरेच वरचे आहे, हे आजच्या पिढीला फारसे ठाऊक नसते. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन येथील ग्रूट स्कूर रुग्णालयात डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण अठरा दिवस जगला. त्यानंतर तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी एका अर्भकावर आणि जानेवारी १९६८ मध्ये स्टॅनफर्ड येथे डॉ. नॉर्मन शमवे यांनी हा प्रयोग केला. आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेला तीन महिनेही पूर्ण झाले नसताना, मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. जगातील ते सहावे मानले जाते. महापालिकेच्या रुग्णालयात, मर्यादित साधनांनिशी आणि प्राण्यांवरील अनेक वर्षांच्या प्रयोगांच्या आधारावर हे धाडस करण्यात आले होते.

सेन यांचा रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी दुसरा प्रयत्न केला; तो रुग्णही एक दिवस पूर्ण करू शकला नाही. या अपयशावर टीका झाली, परंतु अपयशाचे कारण आज वैद्यकीय विद्यार्थ्यांना जे शिकविले जाते त्याच्याशी तंतोतंत जुळते. हृदय दीर्घकाळ कमजोर राहिले, की फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या ताठर होतात आणि त्यांतील दाब वाढतो. रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाची उजवी बाजू वर्षानुवर्षे त्या दाबाशी झुंजून सरावलेली असते. नव्या, निरोगी हृदयाला तो दाब अचानक पेलावा लागतो आणि त्याची उजवी जवनिका काही तासांत थकते. म्हणूनच आज कोणाही रुग्णाचे नाव प्रतीक्षायादीत घालण्यापूर्वी मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून नळी घालून फुफ्फुसांतील दाब मोजण्यात येतो. तो मर्यादेपलीकडे असेल आणि औषधांनीही उतरत नसेल, तर केवळ हृदय बदलून भागत नाही.

डॉ. सेन यांची ओळख या दोन शस्त्रक्रियांपुरती ठेवणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला रक्तपुरवठा थेट हृदयाच्या पोकळीतूनही होतो, या निरीक्षणावरून त्यांनी माणसाच्या हृदयस्नायूत सुईने सूक्ष्म छिद्रे पाडून रक्त पोहोचविण्याची कल्पना मांडली आणि १९६५ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. पुढे लेसरच्या साहाय्याने अशीच छिद्रे पाडण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत आली, तेव्हा सेन यांच्या निबंधाचा उल्लेख आवर्जून होऊ लागला. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषणने गौरविण्यात आले.

बुरशी आणि कायदा

१९६८ या एका वर्षात जगभरात शंभराच्या आसपास हृदये बदलण्यात आली आणि बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावले. शिवणकाम उत्तम होत होते. शरीर मात्र परके हृदय स्वीकारत नव्हते. सत्तरच्या दशकात बहुतेक केंद्रांनी हा नाद सोडला. स्टॅनफर्डसारख्या मोजक्या ठिकाणी काम चालू राहिले आणि तेथेच १९७३ च्या सुमारास एक साधी परंतु निर्णायक युक्ती सापडली. मानेच्या शिरेतून बारीक चिमटा हृदयापर्यंत नेऊन स्नायूचा कणभर तुकडा काढायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. शरीराने हृदय नाकारण्यास सुरुवात केली आहे की नाही, हे लक्षणे दिसण्याआधीच त्यावरून कळू लागले. आजही प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या वर्षात रुग्णाला ही तपासणी अनेकदा करून घ्यावी लागते.

खरी कलाटणी दिली ती सायक्लोस्पोरिन या औषधाने. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात आढळलेल्या एका बुरशीपासून स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत ते मिळाले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. शरीराची संपूर्ण प्रतिकारशक्ती मोडून न टाकता परक्या अवयवाविरुद्धचा हल्ला तेवढा रोखण्याचे काम ते करते. त्याच्या जोरावर मार्च १९८१ मध्येच स्टॅनफर्डचे डॉ. ब्रूस राइट्झ यांनी हृदय व दोन्ही फुफ्फुसे एकत्र बदलण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. पुढे जपानमधील मातीतून टॅक्रोलिमस मिळाले आणि आज बहुतेक रुग्ण त्यावरच असतात. हृदयशल्यचिकित्सेच्या या पराक्रमामागे एवढी माती आहे, हे शेतीप्रधान जिल्ह्यातील वाचकांना गमतीचे वाटेल.

फुफ्फुसांची कथा अधिक खडतर आहे. डॉ. जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी येथे पहिले मानवी फुफ्फुस बसविले. म्हणजे हृदयाच्याही आधी. परंतु नंतरची वीस वर्षे एकामागून एक रुग्ण गेले, आणि त्याचे एक प्रमुख कारण श्वासनलिकेच्या सांध्यात होते. फुफ्फुस जोडताना रक्तवाहिन्या जोडल्या जातात, परंतु श्वासनलिकेला रक्त पुरविणाऱ्या बारीक धमन्या जोडल्या जात नाहीत. त्यामुळे तो सांधा उपाशी राहून उसवतो. १९८३ मध्ये टोरंटोचे डॉ. जोएल कूपर यांनी सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइडची मात्रा टाळून आणि पोटातील मेदाच्या पडद्याची पट्टी सांध्याभोवती गुंडाळून हा तिढा सोडविला. फुफ्फुस हा बाहेरच्या हवेशी दर श्वासाला संपर्क येणारा अवयव असल्याने जंतुसंसर्गाचा धोका मात्र कायमच राहतो. म्हणूनच हृदय बदललेल्या रुग्णांपैकी निम्मे रुग्ण बारा वर्षांहून अधिक जगतात, तर फुफ्फुसांच्या बाबतीत हा काळ साधारण सहा वर्षांचा असल्याचे आंतरराष्ट्रीय नोंदी सांगतात.

भारतात औषध आले तरी कायदा नव्हता. हृदय धडधडत असतानाच ते काढावे लागते आणि १९९४ पूर्वी आपल्याकडे मृत्यूची व्याख्या हृदय थांबण्याशीच बांधलेली होती. संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत केला व मेंदूच्या मुळाचा मृत्यू हा मृत्यूच होय, हे मान्य केले. कायदा अमलात येण्यापूर्वीच, ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले आणि तो रुग्ण दीर्घकाळ जगला. १९९९ मध्ये चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी हृदय व फुफ्फुसे एकत्र बदलली. दक्षिणेकडे केंद्रांची रांग लागली. ज्या मुंबईत सुरुवात झाली होती तेथे मात्र सामसूम होती.

ती भंगण्यास ३ ऑगस्ट २०१५ उजाडावा लागला. पुण्यात मेंदूमृत घोषित झालेल्या एका दात्याचे हृदय विमानाने मुंबईस आणण्यात आले आणि मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते एका तरुणास बसविले. सेन यांच्या प्रयत्नानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. महापालिकेच्या केईएममध्ये पुन्हा हृदयप्रत्यारोपण होण्यास जुलै २०२४ पर्यंत थांबावे लागले. गरीब रुग्णाच्या दृष्टीने ही दुसरी तारीख कदाचित अधिक महत्त्वाची आहे, कारण मधल्या काळात शहरात जी केंद्रे उभी राहिली ती प्रामुख्याने खासगी रुग्णालयांची होती.

शस्त्रक्रियागृहात

शस्त्रक्रिया प्रत्यक्षात दोन असतात आणि त्या दोन ठिकाणी, घड्याळाला घड्याळ लावून चालतात. दात्याच्या रुग्णालयात गेलेले पथक छाती उघडून हृदय डोळ्यांनी पाहते, हाताने चाचपते आणि ‘हृदय चांगले आहे’ असा निरोप दूरध्वनीवरून देते. तोपर्यंत दुसऱ्या शहरात रुग्ण शस्त्रक्रियागृहात नेलेला असला तरी त्याचे हृदय काढण्यास कोणी हात लावत नाही. ऐनवेळी दात्याच्या हृदयात दोष आढळला व रुग्णाला तसेच परत खाटेवर नेले, असे प्रसंग प्रत्येक केंद्राला ठाऊक असतात.

निरोप मिळाला, की रुग्णाच्या छातीचे मधले हाड कापले जाते. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिले जाते आणि हृदय व फुफ्फुसांचे काम यंत्राकडे सोपविले जाते. हे यंत्र १९५३ मध्ये डॉ. जॉन गिबन यांनी प्रथम यशस्वीरीत्या वापरले होते. मग जुने हृदय काढले जाते. परंतु ते संपूर्ण नव्हे. डाव्या कर्णिकेची मागची भिंत, जिच्यात फुफ्फुसांतून येणाऱ्या चार शिरा उघडतात, ती जागेवरच ठेवली जाते. त्यामुळे चार लहान सांध्यांऐवजी एकच मोठा सांधा घालावा लागतो. ही कल्पना शमवे आणि लोअर यांनी १९६० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत सिद्ध केली. पूर्वी उजव्या कर्णिकेचाही मागचा भाग असाच ठेवीत असत. त्यामुळे कर्णिका वेडीवाकडी मोठी होऊन ठोक्यांत अनियमितता येई, झडप गळे. नव्वदच्या दशकापासून बहुतेक शल्यचिकित्सक वरची व खालची महाशिरा स्वतंत्रपणे जोडतात. वेळ दहा-पंधरा मिनिटे अधिक लागतो, परंतु हृदयाचा आकार जसाच्या तसा राहतो.

त्यानंतर फुफ्फुसधमनी व महाधमनी जोडली जाते. चिमटा सोडला, की रुग्णाचे उबदार रक्त फिकट पडलेल्या स्नायूत शिरते, त्याला रंग चढतो आणि बऱ्याचदा कोणी काही न करता हृदय स्वतःच आकुंचन पावू लागते. नाही तर विजेचा हलका धक्का द्यावा लागतो. ज्यांनी हा क्षण शेकडो वेळा पाहिला आहे, असे भूलतज्ज्ञही त्या क्षणी पडद्यावरून नजर हटवीत नाहीत.

या नव्या हृदयाच्या मज्जातंतू मात्र जोडता येत नाहीत. परिणामी ते विश्रांतीतही मिनिटाला नव्वद ते एकशे दहा ठोके देते, जिना चढू लागल्यावर लगेच वेग घेत नाही आणि धावणे थांबले तरी लगेच शांत होत नाही. ते रक्तातील रसायनांच्या इशाऱ्यावर चालते. त्याहून गंभीर बाब म्हणजे, त्याच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी छातीत दुखत नाही. वेदना हा हृदयविकाराचा दूत येथे मुका झालेला असतो. म्हणून दरवर्षी अँजिओग्राफी करून पाहावे लागते.

दाता मिळेपर्यंत रुग्ण तगावा कसा, हा गेल्या वीस वर्षांत शल्यचिकित्सेने ज्यात सर्वाधिक मजल मारली तो प्रश्न आहे. डाव्या जवनिकेच्या टोकाला बसविला जाणारा पंप आता मुठीत मावेल एवढा झाला आहे. त्याचे चक्र चुंबकीय क्षेत्रात तरंगत फिरते आणि पोटावरील त्वचेतून बाहेर आलेली तार कमरेच्या बॅटरीला जोडलेली असते. परंतु त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे आणि भारनियमनाचा अनुभव असलेल्या गावात बॅटरीवर चालणारे हृदय घेऊन राहणे ही वेगळीच परीक्षा आहे. परदेशात हृदय बर्फात न ठेवता यंत्रात उबदार रक्तावर धडधडत ठेवून नेण्याची पद्धत रूढ होत आहे. त्यामुळे चार तासांची मर्यादा सैल होते आणि ठोके थांबून मृत्यू आलेल्या दात्याचेही हृदय वापरता येते. सिडनीत २०१४ मध्ये असे प्रत्यारोपण झाले. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँड येथे जनुकीय बदल केलेल्या डुकराचे हृदय एका रुग्णास बसविण्यात आले. तो दोन महिने जगला.

जालना रस्त्यावरील विमानतळ

मराठवाड्यापुरते बोलायचे तर जानेवारी २०१६ हा महिना महत्त्वाचा. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथे एका मेंदूमृत तरुणाच्या कुटुंबीयांनी अवयवदानास संमती दिली. विभागातील अशा प्रकारचे ते पहिले दान. हृदय रुग्णालयातून चिकलठाणा विमानतळावर आणि तेथून विमानाने मुंबईस पाठविण्यात आले. वाहतूक रोखून रुग्णवाहिकेला मोकळी वाट करून देण्याचा, ज्याला सगळीकडे ग्रीन कॉरिडॉर म्हटले जाते, तो प्रकार मराठवाड्याने प्रथमच पाहिला. चिकलठाण्याचे विमानतळ जालना रस्त्यावरच आहे. जालना शहरापासून तासाभराच्या आतबाहेर. जालन्यात दाता उपलब्ध झाला, तर मुंबईपर्यंतचा चार तासांचा हिशेब जमण्यासारखा आहे. अडचण अंतराची उरलेली नाही.

अडचण आधीच्या टप्प्यात आहे. राज्यात अवयव वाटपासाठी मुंबई, पुणे, नागपूर व औरंगाबाद अशा चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत आणि जालना जिल्हा औरंगाबाद समितीच्या क्षेत्रात येतो. कोणताही दाता या यंत्रणेपर्यंत पोहोचण्यासाठी आधी कोणीतरी त्याला मेंदूमृत घोषित करावे लागते. कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ ही तपासणी करते. त्यांत रुग्णालयाचे प्रमुख, शासनमान्य यादीवरील एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक, आणि रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर असतात. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणीही त्यात नसतो. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात काय, घशात नळी हलविल्यावर ठसका येतो काय, कृत्रिम श्वास थांबविल्यावर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढूनही रुग्ण स्वतः श्वास घेतो काय, हे सारे पाहिले जाते. आणि किमान सहा तासांनी हीच तपासणी पुन्हा केली जाते.

जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञ सहजी हाताशी नसतो, हे लक्षात घेऊन २०११ च्या दुरुस्तीने त्याच्या जागी भूलतज्ज्ञ वा अतिदक्षतातज्ज्ञास मुभा दिली. ज्या रुग्णालयात प्रत्यारोपण होत नाही, परंतु अतिदक्षता विभाग व शस्त्रक्रियागृह आहे, तेथे अवयव काढून घेण्यासाठी नोंदणीची तरतूदही याच दुरुस्तीत आहे. अतिदक्षता विभागातील संभाव्य दात्याच्या नातेवाइकांना अवयवदानाविषयी विचारणे डॉक्टरांना बंधनकारक करण्यात आले. कागदावर वाट मोकळी आहे. पण डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवून, रक्तदाब व क्षारांचे प्रमाण सांभाळत आठ-दहा तास टिकविणे, हे काम प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेइतकेच कौशल्याचे आहे आणि त्यासाठी लागणारे मनुष्यबळ रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावात नसते. अपघाताचे प्रकरण असल्यास पोलिसांचा पंचनामा व शवविच्छेदनाची सांगडही त्याच वेळेत घालावी लागते.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला व जून २०२५ मध्ये संपूर्ण सातशे एक किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. तो जालना जिल्ह्यातून जातो. रुग्णाला मुंबईकडे नेणारा वेगवान रस्ता आणि डोक्याला मार लागलेले तरुण रुग्णालयात आणणारा रस्ता, अशा दोन्ही भूमिकांत तो प्रस्तुत विषयाशी जोडलेला आहे. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, बदनापूर तालुक्यातील वरुडी येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालय त्याआधीपासून आहे. ‘सोने का पालना’ म्हणून मिरविणाऱ्या, बियाणे आणि पोलादाने देशभर नाव कमावलेल्या या शहरात भूलतज्ज्ञ, अतिदक्षतातज्ज्ञ यांची फळी उभी राहण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली आहे.

प्रत्यारोपणाची वेळ येऊच नये म्हणून

आकड्यांच्या दृष्टीने पाहता मंठा वा भोकरदनच्या रुग्णासाठी प्रत्यारोपणापेक्षा कितीतरी साध्या गोष्टी निर्णायक ठरतात, आणि येथे चर्चा काहीशी उलटी फिरते. हृदय व फुफ्फुसे एकत्र बदलण्याची वेळ ज्या रुग्णांवर येते, त्यांतील एक मोठा गट जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्यांचा असतो. छिद्रातून डावीकडचे रक्त उजवीकडे जाते, फुफ्फुसांकडे गरजेपेक्षा अधिक रक्त लोटले जाते आणि काही वर्षांत तेथील रक्तवाहिन्या कायमच्या ताठर होतात. मग प्रवाह उलटतो, ओठ व नखे निळी पडू लागतात. या अवस्थेला पोहोचल्यावर छिद्र बुजविणे घातक असते. उरतो तो फक्त दोन्ही अवयव बदलण्याचा मार्ग. तेच छिद्र वेळीच, मोठे असेल तर पहिल्या एक-दोन वर्षांतच, बुजविले असते तर मूल पुढे इतरांसारखे वाढले असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी होते आणि अशा मुलांच्या शस्त्रक्रिया मोफत करून दिल्या जातात. अंगणवाडीतील मुलाच्या छातीला लावलेला स्टेथोस्कोप हे या साखळीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे उपकरण आहे. मात्र तो लावणाऱ्या डॉक्टरने घाई केली, की पुढची वीस वर्षे त्या घाईची किंमत दुसरेच कोणी मोजत असते.

दुसरा गट संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेल्यांचा. दाटीच्या घरांत राहणाऱ्या मुलांना घसादुखी होते, तिच्याकडे दुर्लक्ष होते, सांधे सुजतात, बरे होतात. आणि पंधरा वर्षांनी, अनेकदा पहिल्या बाळंतपणात, मुलीला दम लागू लागतो. तेव्हा कळते, की डाव्या बाजूची झडप आक्रसून गेली आहे. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन वर्षानुवर्षे देऊन हे पुष्कळ अंशी टाळता येते. आक्रसलेली झडप फुग्याने रुंद करण्याची पद्धत जपानच्या डॉ. इनोउए यांनी ऐंशीच्या दशकात आणली आणि छाती उघडण्याची गरज अनेकींच्या बाबतीत संपली. झडप बदलावीच लागली तर तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली विकसित केलेली, डिसेंबर १९९० मध्ये प्रथम बसविलेली देशी झडप आयात झडपेपेक्षा स्वस्तात उपलब्ध आहे. अलीकडे मांडीच्या धमनीतून नळीद्वारे महाधमनीची झडप बसविता येते; फ्रान्समध्ये २००२ साली डॉ. अलँ क्रिबिए यांनी त्याची सुरुवात केली. वृद्धांसाठी ते वरदान आहे, परंतु खर्च फार.

आणि तिसरा, सर्वांत मोठा गट हृदयविकाराच्या झटक्याचा. धमनी बंद झाल्यापासून स्नायू मरू लागतो. पहिल्या एक-दोन तासांत ती उघडली तर बहुतेक स्नायू वाचतो, बारा तासांनंतर फारसे हाती लागत नाही. न वाचलेला स्नायू पुढे ताणला जातो, हृदय फुग्यासारखे पसरते आणि काही वर्षांनी हाच रुग्ण प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीवर येतो. पहाटे छातीत दुखू लागलेल्या घनसावंगीच्या शेतकऱ्याने ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा पिऊन दुपारपर्यंत वाट पाहिली, तर त्याचे भवितव्य तेथेच ठरून जाते. अँजिओप्लास्टीची सोय दूर असली तरी गुठळी विरघळविणारे इंजेक्शन ईसीजी पाहून जवळच्या रुग्णालयातही देता येते व त्यानंतर रुग्णाला पुढे हलविता येते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली, त्यामागचा हेतू हाच होता.

पैशाची बाजू

स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने मर्यादा घातली. औषधी लेप असलेला स्टेंट त्या वेळी २९ हजार ६०० रुपयांवर आणण्यात आला. आधी त्यासाठी लाखाच्या वर आकारणी होत असे. राज्यात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वत्र लागू झाली व २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. बायपास, झडपा, अँजिओप्लास्टी यांचा तिच्यात समावेश असल्याने हृदयशस्त्रक्रिया ही जमीन विकून करण्याची गोष्ट राहिलेली नाही. मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली. परंतु खासगी रुग्णालयात हृदयप्रत्यारोपणाचा खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात जातो. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पाच लाखांहून अधिक खर्चाच्या मोजक्या उपचारांसाठी स्वतंत्र निधी उभारण्याचा निर्णय घेतला आणि त्यांत हृदय व फुफ्फुस प्रत्यारोपणाचा अंतर्भाव केला.

शस्त्रक्रियेनंतरचा खर्च मात्र कोणत्याही एका दिवसाचा नसतो. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर, दररोज, ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. एक-दोन दिवस चुकल्या तरी शरीर हृदय नाकारू लागण्याचा धोका असतो. पहिले काही महिने तपासण्यांसाठी केंद्राच्या जवळच राहावे लागते, म्हणजे जालन्याच्या कुटुंबाने मुंबईत भाड्याची खोली घ्यायची, सोबतच्या माणसाची मजुरी बुडवायची. शेणामातीच्या, धुळीच्या कामापासून रुग्णाला दूर ठेवायचे, कारण तेथील बुरशीचा संसर्ग त्याला सोसत नाही. शेतमजुराला डॉक्टरांनी दिलेला हा सल्ला ऐकायला सोपा आहे. प्रत्यारोपणास अपात्र ठरविताना केंद्रे ‘कौटुंबिक आधार’ नावाचा जो निकष लावतात, त्याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो.

नोंदणीसंबंधी थोडक्यात. रुग्णाला प्रतीक्षायादीत स्वतः नाव घालता येत नाही; ज्या परवानाधारक रुग्णालयात प्रत्यारोपण व्हायचे, ते रुग्णालय तपासण्यांनंतर समन्वय समितीकडे नाव पाठविते. २०२३ मध्ये केंद्राने अधिवासाची अट काढून टाकली, त्यामुळे जालन्याचा रुग्ण हैदराबाद वा चेन्नईतही नोंद करू शकतो. रक्तगट, शरीराची ठेवण आणि प्रकृतीची निकड यांवर क्रम ठरतो. सहा फुटी पुरुषाला लहानखुऱ्या स्त्रीचे हृदय पुरत नाही. अवयवदानाची प्रतिज्ञा राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाद्वारे करता येते. मात्र कार्ड खिशात असले तरी अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टर ज्यांच्याशी बोलतात ते आई, वडील, पती, पत्नी, मुले किंवा भावंडे असतात आणि संमतीपत्रावर सही त्यांचीच लागते.